तळवडेकरांची जाबसभा

सदानंद तळवडेकर उभ्या आयुष्यात रंगमंचावर एकदाही आले नाहीत, आणि तरी परळच्या कामगार रंगभूमीवर कित्येक वर्षं त्यांच्यावाचून पडदा उघडला नाही. ते प्रॉम्प्टर होते. उजव्या विंगेत लाकडी स्टूल, मांडीवर नाटकाची वही, हातात मिणमिणती बॅटरी. नट अडखळला की त्याला पुढचं वाक्य हळूच पुरवायचं, हे त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण त्याला आवाज असा लागतो की तो रंगमंचावरच्या माणसाला लख्ख ऐकू जावा आणि पहिल्या रांगेत बसलेल्याच्या कानाला लागूही नये. असा आवाज शिकवून येत नाही. सदानंदांना तो देवानं दिला होता.

केवढे केवढे लोक त्यांनी तारले! एकदा एक महाराज दुसऱ्या अंकात सगळंच विसरले. तलवार उपसली आणि पुढे काय, ते आठवेना. सदानंदांनी पुढचा सगळा प्रवेश त्यांच्या कानात ओतला. महाराजांनी तो असा काही फेकला की पिटातल्या लोकांनी टोप्या उडवल्या. महाराजांना रौप्यपदक मिळालं. सदानंद शेवटच्या गाडीच्या आधी घरी आले, हातपाय धुतले, पानावर बसले आणि बायकोला म्हणाले, "आज महाराज बरे झाले." जयवंतीबाईंना त्यावरून कळायचं ते कळलं.

या माणसाची एक श्रद्धा होती. नाटक वाईट नटामुळे पडत नाही, तालीम कमी पडल्यामुळे पडतं. तालीम चोख असली की दगडाकडूनही काम करून घेता येतं. या श्रद्धेनं त्यांना परळमध्ये मान दिला आणि नालासोपाऱ्यात त्यांचं घर मोडलं.

सदानंदांची गिरणी बंद पडली, मग चाळीतली खोली विकली आणि तळवडेकर नालासोपाऱ्यातल्या तुळिंजला आले. शांतिसागर नावाच्या तीन इमारती. शांती बेताची होती, सागर पावसाळ्यात जिन्यापर्यंत यायचा. पण दोन खोल्या स्वतःच्या, आत संडास, मुलाच्या लग्नाला जागा. विघ्नेश अंधेरीला एका कंपनीत चिकटला, त्याचं लग्न झालं, चिपळूणची स्वप्ना सून म्हणून आली. सुधाकर वालावलकर, परळचे एके काळचे नायक, तेही शेजारच्या इमारतीत राहायला आले. त्यांचे केस गेले होते, पण आवाज गेला नव्हता. भाजीवाल्याला "मेथी कशी दिली?" असं विचारलं तरी तो बिचारा दचकायचा.

इमारतींच्या मागे एक मोकळा भूखंड होता. त्यावर एक वाकलेला पत्रा उभा होता: 'प्रसूतिगृहासाठी राखीव'. पोरं तिथं क्रिकेट खेळायची, बायका गोधड्या वाळत घालायच्या. जयवंतीबाई म्हणायच्या, "दवाखाना होईल तेव्हा होईल, तोवर गोधड्या तरी सुकतात."

अशात नगरपरिषदेची निवडणूक लागली. उमेदवार होते मोरेश्वरशेठ. घरची भातशेती होती, ती विकून बांधकामात पडले आणि बांधकामातून राजकारणात आले. वसाहतीच्या गच्चीवर सभासदांची बैठक भरली ती या मंडळींना शिव्या घालायलाच.

"हे पाच वर्षांतनं एकदा उगवतात, अळंबीसारखे," वालावलकर गरजले.

"अळंबी खाता तरी येते," जयवंतीबाई म्हणाल्या. "हे आपल्यालाच खातात."

"मी म्हणतो, यांचे भत्ते बंद करा."

"भत्त्यावर जगतोय कोण हो त्यांच्यातला?"

"मग शिक्षणाची अट घाला. पदवीधरच पाहिजे."

"आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त खाल्लं ते डबल पदवीधरानं. इंग्रजीत खायचा."

शाळेत शिकवणाऱ्या सुमेधाबाई सुपेकर म्हणाल्या, "मतदारांना त्यांना परत बोलावण्याचा हक्क हवा. काही देशांत आहे तसा."

"परत कुठनं बोलावणार बाई? आधी इथे आलेले तरी असायला हवेत ना!"

हशा पिकला. तो ओसरला तेव्हा सदानंद बोलले. गर्दीत ते सहसा बोलत नसत. त्यांनी एक साधी गोष्ट मांडली. मत मागायला ज्या स्टेजवर उभे राहता, त्याच स्टेजवर निवडून आल्यावर दर वर्षी उभं राहायचं. लोक विचारतील, तुम्ही उत्तर द्यायचं. शेवटी हात वर करून कौल घ्यायचा. नापसंतीचे हात जास्त झाले तर तिथल्या तिथे राजीनामा. कायदा बदलायला दिल्ली लागते, याला फक्त एक मांडव लागतो. सुमेधाबाईंनी नाव सुचवलं, जाबसभा.

मोरेश्वरशेठना हे सांगितलं तेव्हा त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. वसाहतीच्या गणपतीपुढे नारळावर हात ठेवून म्हणाले, "तळवडेकरकाका, तुम्ही माझ्या मनातलं बोललात."

वही न चाळता जो नट भूमिका घेतो त्याला जपून असावं, हे सदानंदांइतकं कुणाला ठाऊक होतं? पण ते भारावले होते. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं होतं की वाक्य त्यांचं आहे. ते घरोघर गेले. "माझ्या शब्दावर मत द्या," म्हणाले. माणूस सज्जन, त्याचा शब्द कुणी कसा मोडावा? तिन्ही इमारतींनी शेठना मतं दिली आणि शेठ अगदी थोडक्यात निवडून आले.

श्रावणात स्वप्नाला आठवा महिना होता. दुपारी अचानक पोटात कळा सुरू झाल्या. विघ्नेश कामावर होता. सदानंद आणि जयवंतीबाईंनी तिला रिक्षात घातलं आणि पश्चिमेच्या दवाखान्याकडे निघाले. रेल्वेचं फाटक बंद होतं. पलीकडे मालगाडी उभी होती, ती हलेना. रिक्षावाला उतरून फाटकवाल्याच्या पाया पडला. तो तरी काय करणार? जयवंतीबाईंनी पदराचा आडोसा केला. मुलगी झाली. ती रडली नाही. गाडी हलली, फाटक उघडलं आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

स्वप्ना घरी आली, कामाला लागली. बोलणं मात्र कमी झालं. मागच्या खिडकीतून तो भूखंड दिसायचा. एका सकाळी तिनं सासऱ्यांना हाक मारली. "बाबा, पत्रा काढलाय बघा." दोन दिवसांत तिथं खड्डे पडले आणि पाठोपाठ लोखंडी सळया उभ्या राहिल्या. शेठच्या मेहुण्याची इमारत येत होती. खाली दुकानं, वर घरं.

वसाहत पेटली. कुणी म्हणालं मोर्चा काढू, कुणी म्हणालं कोर्टात जाऊ. सदानंद शांत होते. "कशाला?" ते म्हणाले. "जाबसभा येतेय ना! चारचौघांत विचारू. शब्द त्याचाच आहे."

आणि त्यांनी गच्चीवर तालमी सुरू केल्या.

हो, तालमी. दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं आणि दुसऱ्या कुणी असं केलं नसतं. पण या माणसानं बाकी केलं काय होतं जन्मभर? लोक माईकसमोर घाबरतात, मुद्दा सोडून भरकटतात, एकदम चौघं बोलतात आणि पुढारी हसत निसटतो, हे त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा प्रश्न वाटून दिले. रस्त्याचा सुमेधाबाईंकडे, दिव्यांचा तळमजल्यावरच्या पेंटरकडे. आणि मुख्य प्रश्न, प्रसूतिगृहाचा, तो वालावलकरांकडे.

टाकीजवळ चहाचा ट्रे घेऊन स्वप्ना उभी होती. ती म्हणाली, "बाबा, तो मी विचारू?"

सदानंद विरघळले. पण त्यांच्यातला रंगभूमीचा माणूस विरघळला नाही. "अगं पोरी, मोकळ्या मैदानात तुझा आवाज पोहोचायचा नाही. आणि मधेच रडू आलं तर? लोक रडणं बघतील, प्रश्न राहील बाजूला." तिनं मान हलवली आणि कप वाटायला लागली.

शेठची भूमिका सदानंद स्वतः करत. "शेठचं एक ठरलेलं वाक्य आहे," ते सांगत. "प्रत्येक भाषणात येतं. 'लोकांच्या आरोग्याशी मी कधी तडजोड केली नाही.' ते वाक्य आलं की सुधाकर, तू उठायचंस. तो तुझा क्यू. त्याच्या आधी उठलास तर बार फुकट जाईल. त्याचाच शब्द त्याच्या गळ्यात अडकला पाहिजे. आणि बाकीच्यांनी लक्षात ठेवा, समोरचा बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही. आपण असभ्य ठरलो की तो सुटला."

वालावलकरांनी मिशीवरून बोट फिरवलं. "उठल्यावर थोडा पॉज घेऊ?"

"घे. पण मारून टाकू नकोस पॉजला."

जयवंतीबाई जिन्याच्या दारात निवडणं टिपणं करत बसलेल्या असत. एकदा म्हणाल्या, "अहो, आणि तो ते वाक्य बोललाच नाही तर?"

"बोलणार. सवय आहे त्याची."

जाबसभेच्या दिवशी वसाहतीची मंडळी मैदानात आली तेव्हा मांडव आधीच उभा होता. खुर्च्या, कोकम सरबत, 'जनतेच्या दरबारी आपला सेवक' अशी कापडी पाटी, सगळं शेठच्या माणसांनी केलेलं. शेठ एकटे आले, साध्या शर्टात. आल्या आल्या वालावलकरांच्या पाया पडले. सदानंद सवयीनं रंगमंचाच्या उजव्या अंगाला, कनातीच्या आड जाऊन बसले. कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप तिकडे वळले.

शेठ बोलायला लागले. आपण शेतकऱ्याचा पोर, इथून सुरुवात केली. मग खडी, गटार, दिव्याचे खांब. आईची आठवण काढली. बालपणी पेज पिऊन झोपायचो, तेही आलं. आलं नाही ते फक्त एकच वाक्य. वालावलकर दोनदा खुर्चीतून अर्धे उठले आणि दोनदा बसले. सुमेधाबाईंनी मागे वळून पाहिलं. पेंटरनं आपला प्रश्न ओठांवर घोळवला आणि गिळला. शेठच्या बोलण्यात खाचखळगे होते, माणूस शिरू शकेल एवढ्या फटी होत्या. पण सगळी वसाहत शहाण्या मुलांसारखी आपापल्या क्यूची वाट पाहत बसली होती. शिकवलंच तसं होतं.

शेठनी समारोपाला हात जोडले.

 नट अडला होता, आणि नट अडला की विंगेतल्या माणसानं काय करायचं असतं? विचार न करता सदानंद कनातीच्या कडेला सरकले आणि वालावलकरांकडे पाहत कुजबुजले, "प्रसूतिगृह… राखीव जागा… आमची नात…" वालावलकर तिसऱ्या रांगेत होते. त्यांना काही ऐकू गेलं नाही. सदानंदांनी पुन्हा म्हटलं. तो आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जाणारा नव्हताच. तो रंगमंचावर गेला, लख्ख.

शेठची मान किंचित कलली. विंगेतून वाक्य आल्यावर कसलेल्या नटाची कलते, अगदी तशी. सदानंदांनी ती हजारदा पाहिली होती.  शेठनी जोडलेले हात सोडले.

"मी निघालो होतो," ते म्हणाले. आवाज खाली आणला. "पण एक गोष्ट बोलल्याशिवाय गेलो तर माझी आई मला दारात उभं करणार नाही. याच वसाहतीतली एक लेक. फाटकाशी तिची रिक्षा अडली…" त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले. "त्या दिवशी मी ठरवलं. मेहुण्याला सांगितलं, तुला इमारत बांधायची तर बांध, सरकार शंभर वर्षं काही करणार नाही. पण तळमजल्यावर प्रसूतिगृह झालं पाहिजे. नाही तर तू माझा कुणी नाहीस! कुठे आहे ती माझी बहीण? उभी राहा बाई, लाजू नकोस."

सगळ्या माना वळल्या. स्वप्ना बायकांच्या रांगेत उभी राहिली. तिचे ओठ हलले, ती काहीतरी बोलत होती. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. त्या ऐन भरात असतानाच शेठनी विचारलं, "बोला मायबाप! माझ्या कामावर नाराज असेल त्यानं हात वर करावा!"

कोण करणार? ज्या बाईसाठी भांडायचं, तिलाच भर सभेत भाऊ मिळाला होता. एकच हात वर गेला. स्वप्नाचा. ती उभीच होती, त्यामुळे तो सगळ्यांना दिसला. शेठनी तिच्याकडे पाहून हसत आपला हात हलवला. लोकांना वाटलं, बहिणीनं भावाला निरोप दिला. टाळ्या दुप्पट झाल्या.

मांडवाबाहेर वालावलकरांनी सदानंदांना गाठलं. "अरे, क्यूच आला नाही रे! मी काय करणार?" मग डोळे पुसत म्हणाले, "पण काय माणूस आहे! रडला बघितलंस? एका डोळ्यातनं आधी, मग दुसऱ्या. आपल्याला जन्मात नाही जमलं."

 शेठना ते वाक्य कुणी पुरवलं, हे सदानंदांनी त्यांना सांगितलं नाही, घरीही नाही. शेजारी येऊन हातात हात घेत होते, "काका, तुमची जाबसभा कामी आली हो!" पेढे आले. ते त्यांनी डब्यात ठेवले. खाल्ले कुणी नाहीत.

इमारत पुरी झाली. तळमजल्यावर फरशांचं दुकान आलं. काचेआड संगमरवरासारख्या दिसणाऱ्या लाद्या, त्यावर दिवे. वसाहतीत कुजबुज झाली. तेव्हा शेठच्या माणसांनी सांगितलं, प्रसूतिगृहाची परवानगी वरून अडली आहे, शेठ पाठीशी आहेत. लोकांनी मान डोलावली. अख्ख्या सभेत टाळ्या वाजवल्यावर आता तोंड कुठून उघडणार?

दुसऱ्या जाबसभेच्या आधी शेठचा कार्यकर्ता संग्राम घरी आला. हातात शाल, नारळ आणि छापलेले कागद. "काका, या वर्षी शेठना जाबसभा मोठी करायची आहे. प्रश्न आम्ही छापलेत, माणसंही ठरलीत. वालावलकरकाकांना पहिलाच प्रश्न दिलाय. तुम्ही फक्त विंगेत बसायचं."

"मला जमणार नाही."

"असं कसं काका? शेठ स्वतः म्हणाले, त्या दिवशी काकांनी विंगेतनं आठवण करून दिली म्हणून सभा वाचली. प्रसूतिगृहाचं मी पार विसरलो होतो, म्हणाले. असा माणूस हवाच आपल्याकडे."

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला. स्वप्ना दारात आली. हात कणकेचे होते.

"बाबा, तुम्ही सांगितलंत त्याला?"

"मी वालावलकरांना सांगत होतो गं…"

"माझ्या बाळाचं? तुम्ही?"

 

ती संग्रामकडे वळली. रडली नाही, आवाजही चढवला नाही. "भाऊ, शेठना माझा एक प्रश्न सांगाल? त्या जागी दुकान करायचं त्यांचं कधी ठरलं होतं? माझी मुलगी जायच्या आधी, की नंतर? मला एवढंच हवंय."

संग्रामनं कागद चाळले. वाईट मुलगा नव्हता तो, गोंधळला होता. "वहिनी, या वर्षीचे प्रश्न झालेत छापून. पुढच्या वर्षी घेऊ, नक्की."

"ऊठ," जयवंतीबाई म्हणाल्या. "नारळ घेऊन ऊठ आधी."

महिन्याभरात स्वप्ना चिपळूणला माहेरी गेली. तिला पुन्हा दिवस राहिले होते. जाताना सासूच्या पाया पडली, सासऱ्यांच्याही पडली, रीत म्हणून. विघ्नेशनं तिकडच्याच एका कारखान्यात नोकरी पाहिली. नातू झाला, त्याचा फोटो आला. बोलावणं आलं नाही. सदानंद वाट पाहत राहिले. कधी तरी म्हणायचे, "आपणच जाऊन येऊ का?" जयवंतीबाई म्हणायच्या, "तिनं बोलावलं तर जाऊ."

जाबसभा वाढत गेली. शेजारच्या प्रभागांनीही ती उचलली. वर्तमानपत्रात कौतुक आलं, लोकशाहीतला नवा प्रयोग म्हणून. शेठ पुढच्या निवडणुकीत मोठ्या फरकानं आले.

त्या वर्षीच्या जाबसभेचा भोंगा शेठच्या माणसांनी तळवडेकरांच्या इमारतीसमोरच्या खांबावरच बांधला. संध्याकाळी आवाज घरात घुसला. आधी सनई, मग जाबसभेच्या कल्पनेचे जनक म्हणून सदानंदांचं नाव, मग टाळ्या. त्यानंतर वालावलकरांचा पहिला प्रश्न. शब्द न् शब्द स्वच्छ, पॉज जिथल्या तिथे. शेठचं उत्तर आलं. पुन्हा टाळ्या.

जयवंतीबाई उठल्या आणि त्यांनी एकेक करून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. मे महिना होता. पंखा वीज गेल्यानं बंद होता, भोंगा शेठच्या जनरेटरवर चालला होता.

"अगं, उकडतंय," सदानंद म्हणाले.

"उकडू दे," त्या म्हणाल्या, आणि दाराची कडीही घातली.